दीड शब्दाचा फरक

"आज सोमवार आहे," सुर्वे म्हणाले आणि समोरचं ताट त्यांनी दोन बोटांनी पुढे सरकवलं. ताटात बांगडा होता. सुर्वे त्याच्याकडे असे बघत होते, की जणू कुणीतरी त्यांच्या नावाने मेमो काढून ताटात ठेवला आहे.

सुर्वे आमच्या कॉलेजचे हेडक्लार्क. त्यांनी सरकवलं म्हटल्यावर त्या टेबलावरच्या उरलेल्या नऊ जणांनीही आपापली ताटं सरकवली.

"सुर्वे, फॉर्मवर तुम्ही मांसाहारी असं लिहिलंयत," मी म्हणालो.

"आहेच मुळी. सात पिढ्यांचा."

"मग?"

"मग सोमवार नाही का? सोमवार शंकराचा. मंगळवारी माझा गणपती असतो, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती. बुधवार-शुक्रवार द्या, टोपासकट खातो."

"आणि रविवारी?"

"रविवारी घरी खातोच की! पण रविवारी तुमचा प्रयोग बंद."

मयेकरबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. खानावळ त्यांची, कॉलेजच्या फाटकासमोर. "मास्तर, मी काल बाजारात जाताना विचारणार होते," त्या मला म्हणाल्या. "पण म्हटलं, प्रोफेसर माणसं. सोमवारी मासे मागवतायत म्हणजे त्यात काहीतरी शास्त्र असेल."

शास्त्र काही नव्हतं. प्रयोग ज्यांनी आखला ते आमचे खांबेटे सर जन्माचे शाकाहारी. मांसाहारी माणूस रोज मांसाहार करतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. मांसाहारी माणूस हा आठवड्यातले चार दिवस आपल्यापेक्षा कडक शाकाहारी असतो, हे त्यांना साठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

मला माहीत होतं, पण मला कुणी विचारलं नव्हतं. शिवाय मी पाध्ये. या विषयातलं माझं ज्ञान कुठून आलं, हे उघड करण्यासारखं नव्हतं. त्या सोमवारचे दहा बांगडे वाया गेले नाहीत, एवढंच सांगतो.

गोष्ट चाळीसेक वर्षांपूर्वीची, रत्नागिरीची. सर मानसशास्त्राचे विभागप्रमुख आणि मी त्यांच्या हाताखाली नुकताच लागलेला, त्यांचाच जुना विद्यार्थी. दिवाळीच्या सुट्टीनंतर सरांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, की आहाराचा स्मरणशक्तीवर काय परिणाम होतो, हे आपण आठ आठवड्यांत तपासणार. तीन टेबलं, प्रत्येकी दहा माणसं. पहिलं टेबल माशांचं. दुसरं साधं शाकाहारी, म्हणजे वरण, भात, भाजी, ताक. तिसऱ्यावर दूध, दही, तूप, ताक, काही नाही. माझी नात हल्ली स्वतःला व्हीगन म्हणवते आणि बदामाचं दूध पिते. तेव्हा हा शब्द रत्नागिरीत पोचला नव्हता. सरांनी त्या टेबलाला 'निर्दुग्ध' असं नाव दिलं आणि कॉलेजने 'सुतकी'. त्या दहा जणांच्या पहिल्या दोन दिवसांच्या स्मृतीचं काही विचारू नका. कोऱ्या चहामुळे त्यांना स्वतःचं आडनावही आठवत नव्हतं.

प्रिन्सिपॉल हसत म्हणाले होते, "खांबेटे, निकाल आम्ही आत्ताच सांगतो. वरणभात जिंकणार. तुम्ही आखलाय म्हटल्यावर दुसरं काय होणार?"

सर हसले नाहीत. "मला निकाल माहीत नाही," ते म्हणाले. "पण मार्चच्या आत माहीत झाला पाहिजे. काहीही असला तरी."

मार्चअखेर सर निवृत्त होणार होते. तेव्हा घाई कशाची, हे आम्हाला समजलं असं आम्हाला वाटलं.

त्या सोमवारी संध्याकाळी मी त्यांना खरं सांगायलाच गेलो होतो. दहा जणांचे देव एकत्र केले तर हातात बुधवार आणि शुक्रवार उरत होते, आणि प्रत्येकाच्या वारासाठी वेगळा तवा टाकायला मयेकरबाई तयार नव्हत्या. पण सर मला बघताच खुर्चीतून उठले.

"कसा गेला रे पहिला दिवस? माशांचं टेबल नीट जेवलं?"

एवढं अधीर होऊन त्यांनी मला माझ्या लग्नाबद्दलसुद्धा विचारलं नव्हतं.

"नीट जेवलं, सर," मी म्हणालो. जेवलं होतंच. डाळभात.

एकदा 'नीट' म्हटलं की पुढचे आठ आठवडे नीटच लिहावं लागतं. तक्त्यात टेबल क्रमांक एकपुढे सहाही दिवस मी 'मासे' असं लिहीत गेलो. अक्षर माझं चांगलं असल्यामुळे ते खरं वाटायचं.

चाचणी साधी होती. दर शनिवारी मी वीस शब्द वाचून दाखवायचो. गवत, किल्ली, शिंपला, मावशी, कंदील, असे. मग पाच मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा, आणि नंतर आठवतील तेवढे शब्द कागदावर उतरवायचे. सुर्वे दर वेळी 'पगारवाढ' हा एकविसावा शब्द लिहायचे. तो मी धरत नसे.

तिसऱ्या आठवड्यात गठ्ठ्यात मला एक जास्तीचा कागद सापडला. क्रमांक एकतीस. माणसं तर तीसच होती. एकतीसचा कागद सरांच्या अक्षरात होता, वर 'साधा शाकाहार' असं लिहिलेलं, आणि खाली आठवलेले शब्द फक्त सहा. बहुतेक लोक दहा-बारा लिहीत होते. पुढच्या शनिवारी एकतीसचे पाच झाले, मग पुन्हा पाच, मग तीन. आठव्या आठवड्यात कागदावर दोनच शब्द होते: शिंपला, मावशी.

मला राग आला. वाटलं, सर एक खोटा माणूस घुसडतायत. आश्चर्य एवढंच, की तो त्यांनी आपल्याच टेबलावर बसवला होता. स्वतःची सरासरी पाडण्यासाठी लबाडी करणारा मनुष्य मी तोपर्यंत पाहिला नव्हता. आणि मी स्वतः आठ आठवडे 'मासे' लिहीत होतो, हे त्या रागात मला आठवलं नाही. स्मरणशक्तीवर आहाराखेरीज इतरही गोष्टींचा परिणाम होत असतो.

बेरजा-भागाकार झाले तो मंगळवार होता. एकतीसला वगळून सरासरी काढली आणि तक्ता घेऊन मी संध्याकाळी सरांच्या घरी गेलो. कॉलेजात ओळख असली तरी त्यांच्या घरी मी दोन वर्षांत गेलो नव्हतो. सर कुणाला बोलवतच नसत.

दार काकूंनी उघडलं. खांबेटे काकू म्हणजे प्राथमिक शाळेतल्या बाई. माझा धाकटा भाऊ त्यांच्याच वर्गात होता. गोऱ्यापान, ताठ, केसांत अबोलीचा गजरा.

"या, या. हे घरात नाहीत, पण येतीलच एवढ्यात. चहा टाकते," त्या म्हणाल्या.

'हे' त्यांच्या मागेच उभे होते.

"आलोय मी," सर हळूच म्हणाले. "तू बस. चहा मी करतो."

आम्ही बसलो. काकूंनी माझ्याकडे बघून गोड हसून विचारलं, "घरी सगळे बरे आहेत ना? चहा टाकू?"

"सर टाकतायत, काकू."

"असं होय." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे वळल्या. "कधी आलात? चहा घेणार ना?"

मी टेबलाकडे पाहिलं. तिथे माझीच वीस शब्दांची यादी पडली होती आणि तिच्याशेजारी एक कोरा कागद. त्यावर सरांच्या अक्षरात फक्त आकडा लिहिलेला: ३१.

सर तीन कप घेऊन आले. काकूंच्या हातात कप नीट दोन्ही हातांनी दिला, आणि तो त्या धरतायत ना ते बघूनच आपले हात काढले. मग मला मागच्या अंगणात घेऊन गेले.

"कळलं ना तुला? एकतीस कोण ते," ते म्हणाले.

"सर, कधीपासून?"

"दोन वर्षं होतील. आधी गॅस, मग किल्ल्या. मग एक दिवस शाळेतून घरी यायचा रस्ता." ते दगडी पायरीवर बसले. "तुला माहीत आहे, हिला चाळीस-चाळीस मुलांची नावं बापाच्या नावासकट पाठ असायची? पहिल्याच दिवशी. मी आयुष्यभर स्मृती शिकवली, पण मला वर्गातल्या पाच मुलांची नावं येत नाहीत. ही म्हणायची, तुम्ही शिकवा, मी करून दाखवते."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर म्हणतात, वय. पंचावन्न हे काय वय झालं?" त्यांनी हात पुढे केला. "तक्ता आण. माशांचं टेबल किती पुढे आहे?"

मी तक्ता दिला. 

"दीड," सर वाचून म्हणाले. "वीस शब्दांमागे दीड शब्द जास्त." त्यांनी खिशातून पेन काढलं आणि तक्त्याच्या पाठीवर काहीतरी मांडायला सुरुवात केली. बराच वेळ मांडत होते. मग कागद माझ्यासमोर धरला. तळाशी आकडा होता, दोनशे त्र्याहत्तर.

"हे काय, सर?"

"आठ आठवड्यांत दीड शब्द. मग अठ्ठावीस वर्षांत किती?"

"सर, असं गुणता येत नाही."

"माहीत आहे. पहिल्या वर्षाला मीच शिकवतो ते. पण गुणलं."

मला अजून काही उमगलं नव्हतं. ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"ही मालवणची," सर म्हणाले. "लग्न आम्ही आपलं आपण ठरवलं. आमच्या आईने खूप आदळआपट केली आणि शेवटी एकच अट घातली. घरात मासे शिजायचे नाहीत, आणि सुनेने बाहेरही खायचे नाहीत. मी हिला येऊन सांगितलं, अगं, तेवढंच आहे. ही म्हणाली, तेवढंच ना? सोडले."

"आणि आई गेल्यावर?"

"आई जाऊन एकोणीस वर्षं झाली."

"मग काकूंनी पुन्हा...?"

"तिने कधी मागितले नाहीत. मी कधी विचारलं नाही." सरांनी पेनाला टोपण लावलं. "सवय झाली होती रे. म्हणजे, माझी."

आतून काकूंचा आवाज आला, "कोण आलंय हो?"

"पाध्ये आलाय!" सरांनी ओरडून सांगितलं आणि पुन्हा माझ्याकडे वळले. "गेल्या वर्षी एका मासिकात वाचलं, की मासे मेंदूला चांगले असतात. त्यावर कुणी म्हणतं खरं, कुणी म्हणतं खोटं. मी म्हटलं, आपण स्वतः बघू. लोकांना वाटलं, वरणभात जिंकवायला निघालोय. मला एवढंच बघायचं होतं, की हिचं हे मी केलंय का. आता आकडा आला." त्यांनी तक्त्याची घडी घातली. घडी नीट बसेना. "सोडले, म्हणाली. आणि मी ऐकून घेतलं."

आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या. पुढे कथा लिहून त्यावरच पोट भरलं. पण एखादी थाप इतक्या सज्जन माणसाच्या मानेवर जाऊन बसलेली मी तेव्हा प्रथमच पाहिली.

"सर," मी म्हणालो, "माशांच्या टेबलाने मासे खाल्लेले नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे बुधवारी आणि शुक्रवारी खाल्ले. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. त्या दिवशी ते डाळभात खायचे. मध्ये मार्गशीर्ष लागला तेव्हा तिघांनी महिनाभर काहीच घेतलं नाही. एका बुधवारी संकष्टी आली."

सरांनी तक्त्याची घडी उलगडली.

"तक्त्यात तर रोज मासे लिहिलेत."

"ते मी लिहिलंय."

"का?"

"पहिल्या दिवशी तुम्ही इतक्या आशेने विचारलंत, की मला नाही म्हणवलं नाही. मग पुढे जमलंच नाही."

मला वाटलं, आता ते मला घराबाहेर काढतील, आणि उद्या कॉलेजातूनही. काढायलाच हवं होतं. पण ते बोटांवर वार मोजत होते.

"मारुतीचा शनिवार," ते पुटपुटले. "म्हणजे चाचणीच्या दिवशीसुद्धा ते डाळभातच जेवले होते?"

"हो, सर. आणि निर्दुग्ध टेबल चौथ्या दिवसापासून कँटीनमध्ये चोरून चहा पीत होतं. कुणीच काही पाळलेलं नाही. तो दीड शब्द सुर्वे आणि त्यांच्या टेबलावरच्या दुसऱ्या क्लार्कमुळे आहे. दोघांनाही वीसपैकी एकोणीस येतात. पंचवीस वर्षं फायली शोधतायत ते."

"मग दोनशे त्र्याहत्तर..."

"नाहीत, सर."

"म्हणजे मी काही केलं नाही?"

हो म्हणायला काय लागत होतं? पण त्या दिवसापुरता माझा खोटं बोलण्याचा साठा संपला होता.

"कळत नाही, सर."

"आणि आता मासे दिले तर ती सुधारेल?"

"तेही कळत नाही."

 सरांची मान हलकी झाली खरी, पण हातात धरलेलं जे काही होतं तेही मी काढून घेतलं होतं. सहा आठवडे ते दर शनिवारी काकूंना समोर बसवून गवत, किल्ली, शिंपला म्हणत होते, ते मार्चच्या आत कुठलं तरी एक दार सापडेल म्हणून. मी त्यांना सांगून मोकळा झालो होतो, की इथे भिंत आहे का दार, हेच आपल्याला ठाऊक नाही.

आत कपबशी ठेवल्याचा आवाज झाला. मग काकू दारात आल्या. "अगंबाई, पाहुणे अंगणात? चहा टाकू का?"

मी उठलो. काहीतरी बोलायला हवं होतं आणि शास्त्रातलं माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

"सर," मी म्हणालो, "उद्या बुधवार आहे."

दुसऱ्या दिवशी साडेबाराला ते दोघं रिक्षाने मयेकरबाईंच्या खानावळीत आले. काकू चांगली साडी नेसल्या होत्या, बहुधा सरांनी काढून दिलेली, कारण पोलक्याचा रंग तिच्याशी अजिबात जात नव्हता. रिक्षातून उतरताना त्या सरांना म्हणत होत्या, "तुम्ही एवढा त्रास कशाला घेतलात? आमचे हे आले असते की न्यायला."

"हो, हो," सर म्हणाले. "वाटेतच होतं माझ्या."

कोपऱ्यातल्या टेबलावर आम्ही तिघं बसलो. सुर्वे पलीकडच्या टेबलावर बुधवार साजरा करत होते. त्यांनी खांबेटे सरांना तिथे बघितलं आणि त्यांचा घास हातातच राहिला. मी डोळ्यांनी खूण केली, तसे ते पुन्हा ताटात शिरले. हेडक्लार्क माणूस. काय पाहायचं आणि काय नाही, हे त्यांना कळत होतं.

मयेकरबाईंनी काकूंच्या ताटात बांगड्याचं तिखलं वाढलं, तिरफळांच्या वासाचं घट्ट कालवण. सर बघत होते. मीही. काकू ताटाकडे जराशा वाकल्या. वास घेतला. मग त्यांची बोटं चालायला लागली. एका बाजूने मांस सुटं केलं, काटा शेपटापासून अख्खा उचलला, ताटाच्या कडेला ठेवला. अठ्ठावीस वर्षांत त्या बोटांनी हे केलं नव्हतं, पण कुठे अडली नाहीत. मी चोरून शिकलेला माणूस. माझ्या ताटात मत्स्यहत्या झाल्यासारखं दिसत होतं.

"काय गो," काकू मयेकरबाईंना म्हणाल्या, "तिरफळा जरा कमी पडली."

आम्ही तिघंही चमकलो. मालवणी बोलताना काकूंना मी कधी ऐकलं नव्हतं. सरांनीसुद्धा किती वर्षांत ऐकलं असेल, कोण जाणे.

"पुढच्या खेपेक जास्ती घालतय हां, बाय," मयेकरबाई म्हणाल्या. त्या देवगडकडच्या. त्यांच्या आवाजातली खानावळ एकदम गेली आणि घर आलं.

काकू जेवत होत्या. काही चमत्कार झाला नाही. मध्येच त्यांनी मला माझं नाव विचारलं, मी सांगितलं, आणि दोन घासांनी पुन्हा विचारलं. मला तेव्हाच दिसलं, की शास्त्राच्या बाजूने इथे लिहिण्यासारखं काही होणार नाही. पण त्या पोटभर जेवत होत्या. दुसऱ्यांदा भात मागत होत्या.

सरांचं ताट अजून रिकामं होतं. ते बराच वेळ काकूंकडे बघत बसले होते. मग त्यांनी ताट उचललं आणि मयेकरबाईंसमोर धरलं.

"मलाही वाढा," ते म्हणाले.

"सर?" मी म्हणालो.

"हिने माझ्यासाठी सोडले. मग मी हिच्यासाठी..."  ताट त्यांनी आणखी पुढे केलं. साठ वर्षांचा माणूस, ज्याने अंडंसुद्धा फक्त चित्रात पाहिलेलं.

मयेकरबाईंनी माझ्याकडे पाहिलं.  त्यांनी पळी बुडवली, भरली, आणि ती सरांच्या ताटावर आणली.

काकूंचा डावा हात मध्ये आला. सरांच्या ताटावर त्यांनी पंजा आडवा धरला होता.

"ह्येंका वाढू नको गो," त्या म्हणाल्या. "ह्येंका चलना नाय."

खानावळीत एरवी पळ्यांचा आणि वाट्यांचा केवढा आवाज असतो. त्या वेळीही असणार. मला काही ऐकू आलं नाही.

सरांनी काकूंकडे पाहिलं. काकू त्यांच्याकडे बघतही नव्हत्या. त्यांचा उजवा हात काटे काढत होता, आणि डावा ताटावर तसाच होता. मयेकरबाई तिखल्याची पळी घेऊन मागे गेल्या आणि डाळीची घेऊन आल्या. ती पळी काकूंनी जवळ ओढली, आत काय आहे ते वाकून नीट पाहिलं, आणि मगच हात काढला.